असतील कोणीतरी

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवण्यात त्याची अठरा वर्षं गेली होती. कामात त्याला केसाइतकी चूक खपायची नाही, आणि कपड्यांवर एक सुरकुतीही. बाकीचे कारागीर त्याला ‘इस्त्री’ म्हणायचे. तो रागवायचा नाही, उलट मनातून सुखावायचा.

बायकोनं हट्टच धरला म्हणून लग्नानंतर बारा वर्षांनी पहिल्यांदा ते समुद्रावर आले होते. तो, बायको, दहा वर्षांची मुलगी आणि त्याची आई. आईनं जन्मभर हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी उकळल्या होत्या. यंत्रांच्या घरघरीनं कान अधू झालेले, त्यामुळे ती बोलायची ते ओरडूनच.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई गुडघाभर पाण्यात गेली आणि सरळ फतकल मारून बसली. लाटेनं तिला उताणी पाडलं. ती पाय वर करून अशी खदखदून हसली, की वाळूत पेपर वाचणाऱ्यांनी माना वर केल्या.

“आली गं बाई परत! ये, ये!” ती लाटेवरच ओरडत होती. कपडे अंगाला चिकटलेले, केस सुटलेले, आणि समुद्रानं नेऊ नये म्हणून दातांची कवळी मुठीत घट्ट धरलेली.

तो चपला हातात घेऊन कोरड्या वाळूत उभा होता. “आई, पुरे आता,” असं दोनदा म्हणून झालं होतं. लोक बघताहेत, एवढंच त्याला दिसत होतं.

“अरे, तुम्ही इथे?” मागून आवाज आला. डोळ्यांचे डॉक्टर. दुकानातली निम्मी गिऱ्हाइकं त्यांची चिठ्ठी घेऊन यायची. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर डॉक्टरांनी पाण्याकडे बोट केलं.

“त्या आजी बघा. काय मजा चाललीय! कोण आहेत हो?”

डॉक्टर कौतुकानंच म्हणाले होते. त्याला मात्र कानाच्या पाळ्या तापल्याचं तेवढं कळलं.

“कोण जाणे,” तो म्हणाला. “असतील कोणीतरी.”

डॉक्टर पुढे चालत गेले. तो वळला, तर मुलगी आजीसाठी टॉवेल घेऊन उभी. तिनं सगळं ऐकलं होतं.

“बाबा, तू खोटं बोललास.”

“अगं, म्हणजे...”

“आजीबद्दल.”

एवढं बोलून ती पाण्याकडे पळाली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच्या शाळेची फी भरायला आई ओल्या हातांनी, कामाच्या कपड्यांत धावत यायची. तेव्हाही तो मित्रांच्या मागे लपायचा. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आता बेचाळीस.

चपला टाकून तो तसाच, पँटसकट पाण्यात शिरला आणि आईशेजारी बसला. तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, “आई, मघाशी डॉक्टरांना मी सांगितलं, की मी तुला ओळखत नाही.”

आईनं मुठीतली कवळी तोंडात बसवली. “काय सांगतोस? मला तरी कुठे ओळखू येतेय मी!”

ती पुन्हा हसली. त्याला हसणं जमेना. तेवढ्यात लाट आली आणि दोघं एकमेकांवर कोसळली. नाकातोंडात खारं पाणी, पाठीखालची वाळू सरकतेय, आईचा हात त्याच्या दंडाला. किती वेळ गेला कोण जाणे. त्या वेळात ना डॉक्टर होते, ना दुकान, ना बघणारे लोक. मग मुलगी दिसली. ती आजीच्या पलीकडे जाऊन बसली, त्याच्या बाजूला नाही.

सुट्टी संपल्यावर तो चष्मे पोचवायला डॉक्टरांकडे गेला.

“साहेब, समुद्रावरच्या त्या आजी... ती माझी आई.”

“कोणत्या आजी?” डॉक्टरांना काही आठवेना.

तिथेच गप्प बसता आलं असतं. पण त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं. आईचे अधू कान, लाट, कवळी आणि आपण काय म्हणालो तेही. डॉक्टरांनी हातातला चष्मा खाली ठेवला. मग एवढंच म्हणाले, “एकदा घेऊन या त्यांना. कानांचे डॉक्टर माझे मित्र आहेत.”

घरी येऊन त्यानं मुलीला सांगितलं. तिनं वहीतून मान वर न करता विचारलं, “सगळं?”

“सगळं.”

“बरं,” ती म्हणाली, आणि अडलेलं गणित त्याच्याकडे सरकवलं.