आत्याच्या दाराची कडी
परवा खळ केलेली साडी उलगडली आणि भवानी पेठेतली ती दुपार आठवली. आत्या वारल्यावर तिचा विणायचा माग विकून आम्ही तिच्या घरात राहायला गेलो होतो. बारा वर्षं ताबा आहे म्हणून वडिलांनी मालकीचा दावा लावला. “कुणाची परवानगी घेऊन राहतो, असं चुकूनही बोलू नका, नाहीतर दावा पडेल,” वकिलांनी बजावलं होतं. त्या दुपारी कोर्टाचा माणूस पाहणीला आला. दाराला बाहेरून कुलूप होतं, तरी वडिलांनी सवयीनं आधी कडी वाजवली. “आत कोण आहे?” त्यानं विचारलं. “कुणी न्हाय की,” वडील म्हणाले. तेवढ्यात फटीतून, आत्या मागावरच्या सुताला लावायची तसल्या ओल्या खळीचा वास आला, आणि मगच त्यांनी किल्ली फिरवली. दावा आम्ही जिंकलो. घर आता माझ्या नावावर आहे. कडी मी अजून वाजवते, आणि वास येईपर्यंत बाहेरच थांबते.