शेवटून पहिले

डायलिसिसच्या वॉर्डात किस्से साठायला वेळ लागत नाही. मशीन चार तास चालतं, पेशंटला हलता येत नाही, आणि आम्हालाही त्याच्यापासून फार लांब जाता येत नाही. बीपी बघायचं, मशीन बघायचं, मधल्या वेळात बोलायचं. आजारावर बोलून बोलून सगळे कंटाळलेले असतात. मग कोणाच्या पोरीचं लग्न, कोणाच्या सुनेचं बोलणं, आणि आमच्या वॉर्डापुरतं म्हणाल तर पळण्याच्या शर्यती. बाहेरचा कोणी ऐकेल तर म्हणेल, या सिस्टर लोकांना फार रिकामपण दिसतंय. रिकामपण असतं तर आम्ही एखाद्या वेळी तरी वेळेत पोहोचलो असतो!

पळणारे आम्ही तिघं. इंचार्ज इंगोले सिस्टर, पन्नाशी ओलांडलेल्या, एका गुडघ्याला कायमचा पट्टा. टेक्निशियन सदानंदभाऊ. आणि मी, मूळची भातकुलीची, नोकरीपायी अकोल्यात. हिवाळा लागला की अकोल्यात नाहीतर अमरावतीत रविवारी सकाळी पाच किलोमीटरची शर्यत कुठली ना कुठली असतेच. पहिल्यांदा हॉस्पिटलनं स्टाफची नावं मागितली, तेव्हा कोणी हूं की चूं करेना. इंगोले सिस्टरांनी आमची तिघांची नावं परस्पर देऊन टाकली. नाइट ड्युटी संपवायची आणि कपडे बदलून तसंच पळायला जायचं, असा त्यांचा बेत.

* * *

त्या पहिल्या शर्यतीत स्टेजवर गाणी लागली होती आणि सगळे वॉर्मअपच्या उड्या मारत होते. सदानंदभाऊ म्हणाले, मी जरा टेकतो. डिव्हायडरवर टेकले आणि बसल्या बसल्या झोपले. शर्यत सुटली. आम्हाला वाटलं ते पुढे गेले.

रस्ता जाऊन परत येण्याचा होता. पहिल्या पळणाऱ्यांच्या पुढची मोटारसायकल भोंगा वाजवत परत आली तेव्हा भाऊ दचकून जागे झाले. त्यांना वाटलं, आत्ताच सुटली. उठले आणि जीव खाऊन धावले. शेवटची फीत समोरच होती. भाऊ तिसरे आले!

त्यांना धरून स्टेजवर नेलं. ते बिचारे माइकवाल्या बाईंना सांगत होते, मॅडम, मी झोपलो होतो. बाईंनी माइकवर जाहीर केलं, "सर सांगतात, ते झोपेतसुद्धा पळू शकतात."

मेडल भाऊंनी परत केलं. पण हे सगळं मंगळवारी मी वॉर्डात सांगितलं आणि गजानन हसला.

गजानन तायडे. पातूरकडचा, सव्विशीतला. आठवड्यातून दोनदा आईला घेऊन एसटीनं यायचा, भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि मशीन थांबलं की उठून जायचा. त्याचा आवाज आम्ही नीट ऐकलाही नव्हता. त्या दिवशी तो एवढा हसला की सुई लावलेला हात हलला आणि मशीनचा अलार्म वाजायला लागला. बाहेर बाकावर बसलेली त्याची आई, सुभद्रामावशी, घाबरून आत धावत आली. पोरगा हसतोय हे पाहिलं, आणि दारातच तोंडाला पदर लावून रडायला लागली.

* * *

तो का हसला ते नंतर कळलं. गजानन पळणारा होता. पोलीस भरतीसाठी दोन-तीन वर्षं पहाटे पातूरच्या रस्त्यावर पळायचा, आणि गावातल्या पोरांत त्याच्यापुढे कोणी नव्हतं.

भरतीच्या आधी पाय सुजायला लागले. मी विचारलं, तेव्हाच डॉक्टरला का नाही दाखवलंस? तो छताकडे बघत म्हणाला, "मले वाटलं ताई, पळून पळून सुजले. कसर राहिली म्हणून अजून पळलो."

मी त्याचं बीपी पुन्हा घेतलं.

* * *

त्यानंतर गजाननने आम्हाला ताब्यातच घेतलं. पडल्या पडल्या शिकवायचा. सदानंदभाऊंना म्हणे, सुरुवातीलाच सुसाट सुटू नका. इंगोले सिस्टरांना म्हणे, उतारावर गुडघा सांभाळा. मला एकदा वॉर्डात सलाइनची खोकी उचलताना पाहून म्हणाला, तुम्ही खांदे कानाला लावून पळत असणार. तसंच होतं. रात्रभर पेशंट उचलून, वळवून खांदे खाली यायलाच विसरलेले असायचे.

प्रत्येक शर्यतीनंतर त्याला सगळं सविस्तर सांगावं लागे. कुठे दम लागला, कोण मागे पडलं, चढावर काय केलं. आणि शेवटी विचारायचा, आज आपला शेवटून पहिला कोण? "आपला" म्हणायचा, "तुमचा" नाही.

* * *

एकदा इंगोले सिस्टर अर्ध्या रस्त्यात होत्या आणि वॉर्डातून फोन आला. एका पेशंटला धाप लागलेली, ड्युटीवर नवीन मुलगी, ती फोनवरच रडायला लागली. सिस्टरांनी पळता पळता तिला काय करायचं ते सांगितलं, आणि चौकात सगळे उजवीकडे वळले तेव्हा या सरळ हॉस्पिटलकडे निघाल्या. स्वयंसेवक मागून ओरडतोय, काकू, रस्ता चुकला, आणि काकू काही थांबत नाहीत.

पेशंट सावरला. सिस्टर घामाघूम होऊन मशीनजवळ उभ्या होत्या, छातीवर शर्यतीचा नंबर तसाच. पलीकडच्या बेडवरच्या म्हाताऱ्या बाबांनी तो निरखून पाहिला. ते किडनीसाठी किती वर्षं वाट बघत होते, त्यांचं त्यांनाच ठाऊक. म्हणाले, "सिस्टर, तुमचा नंबर लागला वाटते. आमचा कवा लागन?"

सिस्टरांनी नंबर काढला आणि घडी करून खिशात ठेवला.

* * *

गजाननला किडनी द्यायला सुभद्रामावशी पहिल्यापासून तयार होती. तपासण्या झाल्या आणि तिला डायबेटीस निघाला. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की तुमची घेता येणार नाही. ती मान हलवत राहिली. आम्हाला वाटलं समजलं.

पुढच्या खेपेला ती डॉक्टरांच्या दारात उभी. म्हणाली, "चा बिनसाखरेचा करून टाकला साहेब, गोड काहीच खात नाई. आता घ्या."

डॉक्टर खुर्चीतून उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. पुन्हा समजावून सांगायचं काम इंगोले सिस्टरांवर आलं.

* * *

त्या हिवाळ्यात गजाननने हट्ट धरला, मला एकदा शर्यत दाखवा. अमरावतीची होती. आदल्या दिवशी त्याचं डायलिसिस करून घेतलं, डॉक्टरांना विचारलं, आणि सदानंदभाऊंच्या मेहुण्याच्या गाडीतून मायलेकांना घेऊन गेलो. शर्यत संपते तिथे त्याला खुर्ची टाकून दिली.

माझी सलग दुसरी नाइट झाली होती. शेवटच्या वळणावर पाय उचलेनात. चालावं म्हणून थांबणार, तेवढ्यात त्याचा आवाज आला, "ताई, खांदे!" मी खांदे सोडले. कशीबशी पोहोचले.

पोहोचल्यावर सगळ्यांना पाण्याच्या बाटल्या मिळत होत्या. लोक एक बाटली पिऊन दुसरी डोक्यावर ओतत होते. गजाननला दिवसाला जेमतेम दोन पेले पाणी चालायचं, तेही औषधासकट. सुभद्रामावशी घरी मापून द्यायची. इंगोले सिस्टर आल्या, बाटली हातात घेतली आणि तो समोर बसलाय हे पाहून तशीच धरून उभ्या राहिल्या.

तो म्हणाला, "प्या ना सिस्टर. मले पाहू द्या."

सिस्टर प्यायल्या. हळूहळू, पूर्ण बाटली. तो शेवटच्या घोटापर्यंत बघत होता. सुभद्रामावशीनं तोंड रस्त्याकडे फिरवलं होतं.

* * *

गजानन उन्हाळ्यात गेला. वार मंगळवार होता, त्याच्या यायचा दिवस. आम्ही मशीन लावून वाट बघत होतो आणि त्याच्या चुलत्याचा फोन आला. आम्ही तिघं पातूरला गेलो, थोडा वेळ बसून परत आलो. येताना गाडीत सदानंदभाऊ म्हणाले, आता शर्यती पुरे.

पण हिवाळा आला आणि इंगोले सिस्टरांनी न विचारता आमची तिघांची नावं देऊन टाकली.

शर्यत अकोल्यातच होती. तिघंही नाइट करून आलेलो. मी आणि भाऊ मागेपुढे पोहोचलो, आमच्यानंतर बऱ्याच वेळानं सिस्टर आल्या, आणि येऊन फुटपाथवर बसल्या. बूट काढले, गुडघ्याचा पट्टा सोडला. तेव्हा माझं लक्ष गेलं. दोरीच्या पलीकडे, हातात पिशवी घेऊन सुभद्रामावशी उभी होती. पहिल्या गाडीनं एकटीच आली होती. मी जवळ गेले, हात धरला. तिनं माझा हात दाबला, पण नजर रस्त्यावरच ठेवली.

राहिलेले लोक आले. शेवटी एक आजोबा आणि त्यांची नात चालत आली. रस्ता रिकामा झाला. पोरं दोऱ्या सोडायला लागली, शेवटच्या रेषेवरच्या फुगवलेल्या कमानीची हवा काढायला आली.

मावशी त्यांना म्हणाली, "थांबा ना बापा जरासे. मांगं असन कोनी."

पोरानं सांगितलं, मावशी, सगळे आले, आता कोणी नाही. ती तिथून हलली नाही. भाऊंनी पोराला बाजूला घेतलं, कमान तेवढी राहू दे म्हणाले.

इंगोले सिस्टरांनी हे सगळं फुटपाथवरून पाहिलं. त्यांनी पट्टा पुन्हा बांधला. बूट घातले. भिंतीचा आधार घेत उठल्या आणि चहाच्या टपऱ्यांच्या मागून लंगडत लांब कोपऱ्यापर्यंत गेल्या. आम्हाला दिसेनाशा झाल्या.

मग कोपऱ्यावरून त्या पळत आल्या. एकट्या. रिकाम्या रस्त्यानं, एक पाय ओढत, तोंड उघडं पडलेलं. दोऱ्या गुंडाळणारी पोरं थांबली. मावशी सिस्टरांकडे एकटक बघत होती, त्या कमानीखालून पार होईपर्यंत.

मग तिनं पिशवी खाली ठेवली, पुढे झाली आणि पदरानं सिस्टरांचं तोंड पुसलं.

"लय मांगं राहिली वं बाई," ती म्हणाली.

सिस्टरांना धड बोलताही येत नव्हतं.

"हो मावशी," त्या म्हणाल्या. "ड्युटी होती."