ताईने आधीच वाचलेले भूत

सर्व जनतेस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखक वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीही सिनेमातल्या भुताला घाबरतो.

या भयावर जगात एकच उतारा होता, माझी थोरली बहीण. तो गाजलेला भुताचा सिनेमा ज्या कादंबरीवरून काढला, ती ताईने वाचनालयातून आणून दोनदा वाचली होती. त्यामुळे थिएटरात ती भुताच्याही एक पाऊल पुढे असायची. "आता जिन्यावर बाई दिसेल. मीट डोळे!" मग जरा वेळाने, "उघड, गेली." मागचे गृहस्थ वैतागून म्हणाले, "ताई, शेवटही सांगून टाका, म्हणजे आम्ही घरी जातो!" ताईने तोही सांगितला.

पुढचे ठाऊक असलेले माणूस शेजारी असले की भीतीचीसुद्धा चैन होते. गेली दोन वर्षे ताई एकेक गोष्ट विसरत चालली आहे. परवा जेवल्याचे विसरून पुन्हा पानावर येऊन बसली. काल दुपारी तिच्याकडे जाऊन मी मुद्दाम तोच सिनेमा लावला. वाटले, निदान जिना तरी आठवेल.

जिना आला. मी आपला जुन्या सवयीने डोळे मिटले आणि तिच्या "उघड"ची वाट पाहत राहिलो. किंकाळी झाली, संगीत थांबले, तरी उघडायची हिंमत होईना.

शेवटी खांद्यावर हात पडला.

"घाबरू नका हो, सिनेमाच आहे. तुम्ही कोणाकडे आला होतात?"