झाडावर राहिलेले

दुष्काळाच्या वर्षी शिरपूर-धुळे एसटीत मी शाळेतला उद्याचा धडा वाचत होतो. शेजारचा माणूस सातपुड्याकडचा, मजुरीसाठी गुजरातला निघालेला. पेरणीच्या बियाण्यातली अर्धी बाजरी घरी ठेवून आलो, असं त्याने सांगितलं होतं; उरलेली अर्धी पुरचुंडीत बांधून त्याने मांडीवर धरली होती.

"काय वाची ऱ्हायनात, सर?"

"पाऊस हटला, जंगल विरळ झालं, तेव्हा काही वानरं झाडावरून उतरून चालू लागली. त्यांचा पुढे माणूस झाला."

"आनि ज्या झाडवरच ऱ्हायनात, त्यासनं काय व्हयनं?" मग हळूच म्हणाला, "मना आबा गाव सोडाले तयार नही. एकलाच शे."

मी पुस्तक मिटलं. "जिथे जंगल उरलं, तिथे ती अजून आहेत."

"शेतस ना?" त्याने पुरचुंडीची गाठ चाचपली. "मंग आबाबी ऱ्हाई. पेरनीले मी परत येसू."

परत जाणाऱ्यांबद्दल धड्यात एक ओळही नव्हती.