तुरीतली शेपटी

भावाला वाघानं मारलं ते आमच्याच शेतात. तरी वहिनी रोज दिवस मावळायच्या आत तिथं जायच्या आणि रात्रभर मचाणावर बसून रानडुकरांपासून तूर राखायच्या. मी म्हणायचो, तूर गेली खड्ड्यात, तुम्ही घरी झोपा. त्या ऐकून घ्यायच्या आणि भाकरी बांधून निघायच्या. इकडे माझ्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. घरातलं एक माणूस त्या शेतानं गिळलं होतं, दुसरं मला जाऊ द्यायचं नव्हतं.

केळापूरच्या बाजूला बरेच जण शेतात वाघाचं बुजगावणं उभं करतात. माझं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान, हात शिवशिवतातच. बांबू, बारदाना आणि ऑइलपेंट लावून मीही एक वाघ केला. तोंड वासरासारखं झालं. गावातले विचारायचे, "काहो, दूध किती देते?" डुकरंही दोनच दिवस भ्याली, मग त्याच्या पोटाखालीच उकरू लागली. न हलणाऱ्या वाघाला कोण भितं? म्हणून शेपटी हलवायचं मनात घेतलं.

प्लास्टिकच्या नळीचे तुकडे कापले, बुडाशी जाड, टोकाशी बारीक, आणि त्यांतून ब्रेकच्या दोन वायरी ओवल्या. भंगारातली वायपरची मोटर आलटून पालटून त्या वायरी ओढायची. पहिल्या खेपेला शेपटी अशी फडफडली, की हलवाई माश्या हाकलतोय असं वाटावं. मी चिडून पाना फेकला. मग बुडाची बाजू जाम केली, वेग कमी केला, नुसतं टोक मोकळं ठेवलं. दुकानासमोर चालू केली, तर रोज पायात घोटाळणारं कुत्रं केकाटत पळालं. मला एवढा आनंद झाला, की लगेच वाघ गाडीला बांधून शेतात नेला.

वहिनी आल्या तेव्हा वारा नव्हता. सगळी तूर गप्प उभी होती, आणि त्यात तेवढं एक टोक हलत होतं. वहिनी शेताच्या बांधावर, धुऱ्यावरच थांबल्या.

"आता बिनघोर घरी झोपा, वहिनी," मी म्हणालो. "डुकरं फिरकत नाहीत इकडं."

"तोंड तिकडं हाय न त्याचं?"

"हो. जंगलाकडं."

"त्या दिवशी बी असंच होतं, भाऊजी. मले नुसती शेपटी दिसली."

आम्हाला, पंचनाम्याला आलेल्यांना, सगळ्यांना त्यांनी सांगितलं होतं, की काहीच दिसलं नाही.

"तिकडच्या धुऱ्यावर तुमचे भाऊ गवत कापून राह्यले होते. मी त्याह्यले हाक मारली असती त वाघ माह्याकडं फिरला असता. म्हून मी चूप बसली."

मी मोटर बंद केली. त्यांची काही चूक नाही, असं म्हणायला हवं होतं. एवढंच म्हणालो, "चला, घरी जाऊ."

"तुम्ही जा," त्या म्हणाल्या आणि मचाणावर चढल्या.

मी वायरी सोडवल्या, शेपटी काढून काखोटीला मारली आणि रस्त्याकडे निघालो. अजून पुरता अंधार पडला नव्हता. गाडीपाशी पोचलो तोच मागून हाक आली, लांब, घसा ताणून मारलेली. डुकरांना हाकलायची आरोळी ती नव्हती. लग्न होऊन आल्यापासून वहिनींनी जे नाव आमच्यापुढं कधी तोंडातून काढलं नव्हतं, ते माझ्या भावाचं नाव त्या तुरीकडे तोंड करून ओरडत होत्या.