बोरपाड्याची बारा घरं

प्रमिलाबाई लग्न होऊन सुरतेत आल्या त्याला पन्नास वर्षं झाली. नवागामच्या एका खोलीत बसून साड्यांचे सुटे धागे कापत त्यांनी तीन मुलं वाढवली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीतल्या बायका खानदेशात माहेरी निघत. प्रमिलाबाई त्यांच्या कुंड्यांना पाणी घालत. त्यांचं माहेर बोरपाडे; त्या सात वर्षांच्या असतानाच तिथली विहीर आटली आणि बारा घरं पांगली. गावच उरलं नाही, मग जायचं कुठे?

नात सोनाली ड्राफ्ट्समनचा कोर्स करते. तिने फोनवर बोरपाडे शोधलं, मिळालं नाही. मग सरांनी सांगितलेल्या साइटवरून इंग्रजांच्या काळातला शिंदखेड्याकडचा नकाशा मिळवला आणि मोठ्या कागदावर छापून खोलीत पसरला.

"मोठी माय, रस्ता आठवतो का?" तिने आजीला विचारलं.

"मना बाप गाडीवर बसून गावं सांगे. साकरवाडे, मंग नाला, मंग मोहखेडे..."

सोनालीचं बोट साकरवाड्यापासून निघालं. तुटक रेषेची गाडीवाट नाला ओलांडून मोहखेड्याला गेली, टेकडीला वळसा घालून थांबली. तिथे तांबड्या ठिपक्यांचा पुंजका होता, शेजारी विहिरीचा निळा ठिपका. इंग्रजीत वेडंवाकडं लिहिलेलं नाव तिने जुळवून वाचलं. बोरपाडे.

ठिपक्यांवरून हात फिरवत प्रमिलाबाईंनी विचारलं, "यातलं आमचं कोणतं?"

"ते यात नाही गं कळत. जाऊन बघू."

दोघी उधना स्टेशनवरून रेल्वेने गेल्या. टेकडीमागे आता कपाशी होती. बांधाशी बुजलेली विहीर आणि घरांच्या जोत्यांचे थोडे दगड उरले होते. विहिरीपासून तिसऱ्या जोत्यावर प्रमिलाबाई न विचारता जाऊन बसल्या.

शेताची मालकीण वेणूबाई पाणी घेऊन आली. सगळं ऐकल्यावर ती घरी गेली आणि सुपात गहू, नारळ घेऊन परतली.

"मी विधवा बाई, मला ओटी नको," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"माहेरले उनी ना, बहीण? मंग पदर पसार."

माहेरी आलेल्या लेकीसारखा प्रमिलाबाईंनी पदर पसरला. वेणूबाईने गहू ओतले तेव्हा सोनालीने तो खालून धरला.

पुढच्या उन्हाळ्यात त्या वेणूबाईकडे चार दिवस राहून आल्या. निघताना तिने पिशवीभर बिबडे, ज्वारीचे पापड, दिले. माहेरचे आहेत, असं सांगत प्रमिलाबाईंनी ते गल्लीत घरोघर वाटले.