बांगड्यांची ओळ

शिवानंद गेल्याचं त्याच्या मुलीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मला आधी राग आला. रडू नंतर आलं, तेही थोडंच. चाळीस-पंचेचाळीस वर्षं एकाच गावात राहून ज्या माणसाशी एक गोष्ट बोलायची राहिली, तो ती न बोलताच निघून गेला. मला वाटलं, यानं आपल्याला पुन्हा एकदा भर वर्गात उभं करून ठेवलं.

सत्तरच्या दशकात सोलापुरात आम्ही एका वर्गात होतो. तान्हेपणी देवी आल्या, त्यात शिवाचे डोळे गेले. आई-वडील कुंभारीला, हा शहरात मामाकडे. घरात कन्नड, त्यामुळे आई म्हणजे ‘अव्वा’. मास्तरांनी त्याला माझ्याशेजारी बसवलं, कारण माझा आवाज मोठा होता आणि अभ्यास बेताचा. शाळा सुटली की पायरीवर बसून मी त्याला धडे वाचून दाखवायचो. तो एकदा ऐकून पाठ करायचा आणि वर मलाच समजावून सांगायचा. आंधळ्याला वाट दाखवतो म्हणून लोक माझं कौतुक करायचे. गणितात वाट तो मला दाखवायचा. तरी सातवीत मी गणितात आपटलोच आणि शिवा पुढं गेला. पण परीक्षेत त्याचा लेखनिक खालच्या वर्गातला असावा, असा शाळेचा नियम होता. त्याचा पेपर सकाळी, माझा दुपारी. त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. नापास होण्याचा असा फायदा दुसऱ्या कुणाला झाल्याचं ऐकिवात नाही.

शिवाचा एकच नियम होता. सांगून झालं की म्हणायचा, “वाच.” मी लिहिलेलं सगळं हळू आवाजात वाचून दाखवायचं, मगच पेपर द्यायचा.

सहामाहीला निबंध आला, ‘माझी आई’. ‘अव्वा’चं ‘आई’ करायला त्यानं हसत परवानगी दिली. मध्येच त्यानं बांगड्यांची एक ओळ सांगितली. मला ती अगदीच चुलीजवळची वाटली. भाकरी नि बांगड्या लिहून कुठं मार्क मिळतात? मी ती गाळली आणि तिथं माझी घातली : ‘आईच्या कपाळावरचे कुंकू मावळत्या सूर्याप्रमाणे शोभून दिसते.’ शेवटी तो म्हणाला, वाच. मी म्हणालो, वेळ संपला. चांगली पाच मिनिटं होती…

काही दिवसांनी शिपाई मला आठवीच्या वर्गात घेऊन गेला. सर शिवाचा निबंध मोठ्यानं वाचत होते, आणि लेखनिक म्हणून माझीही पाठ थोपटायची होती. मी छाती काढून उभा राहिलो. कुंकवाच्या वाक्यावर सर थांबले. डोळे नसताना या पोरानं काय बघितलंय बघा, म्हणाले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. शिवा उठला.

“सर, ते वाक्य माजं न्हाय. बाळ्याचं हाय. माजी बांगड्यांची ओळ कुटं गेली?”

मला पाच छड्या बसल्या, शिवाला दुसरा लेखनिक मिळाला. पायरीवर बसायचं मीच बंद केलं. ज्याच्यासाठी घसा फोडला, त्यानं मला चारचौघांत चोर ठरवलं, एवढंच मला दिसत होतं. बाजूला घेऊन सांगता आलं नसतं का? पुढे तो टेलिफोन ऑपरेटर झाला. त्याच्या लग्नाला गेलो, मुलीच्या बारशाला गेलो. शेंगाचटणीपासून निवडणुकीपर्यंत सगळं बोललो; त्या दिवसाचं त्यानं काढलं नाही, मीही नाही. आधी दगा मी दिला होता, हे मला कधीच कळलं होतं. त्याच्या निबंधातून त्याची आई काढून मी तिथं भलतीच बाई बसवली होती. पण कळलं म्हणून राग जातोच असं नाही.

परवा त्याच्या घरी भेटायला गेलो. मुलगी सांगत होती, “काका, बाबांना काहीही लिहून दिलं की शेवटी ‘वाच’ म्हणायचे. बँकेचा फॉर्म असू दे, नाहीतर वाणसामानाची यादी. आम्ही लई वैतागायचो. तर म्हणायचे, एकदा वाचून घ्यायचं ऱ्हायलं, आन् मैतर गेला.”

मैतर गेला. हे त्यानं बायकोला सांगितलं, मुलीला सांगितलं. मी दोन गल्ल्या पलीकडे राहत होतो, मला नाही सांगितलं. त्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून मला फसवल्यासारखं झालं, आणि या खेपेला मी स्वतःलाही सोडलं नाही.

हा लेख लिहून झाला तेव्हा सवयीनं थांबलो. कुणी ‘वाच’ म्हणालं नाही, तरी मोठ्यानं वाचला. दोन सजवलेली वाक्यं सापडली, ती खोडली. त्या जागी शिवाची तेव्हा गाळलेली ओळ ठेवतो. ती मला अजून पाठ आहे, त्यानं सांगितली तशीच :

‘अव्वा भाकरी थापती तवा बांगड्या वाजत्यात. बांगड्या थांबल्या की समजायचं, ती माज्याकडं बघतीया.’